ज्ञानगंगा घरोघरी, पण घरातला इतिहास कुठाय?

विद्यापीठाचा इतिहास म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला ग्रंथ निघतो. स्थापनेचा कायदा, कुलगुरूंची छायाचित्रं, इमारतींचं भूमिपूजन, पदवीधरांचे आकडे. एरवी हे चालून जातं. पण ज्या विद्यापीठाचा विद्यार्थी आवारात येतच नाही, त्याचा इतिहास असा लिहिला तर विद्यार्थी त्यात येणार कुठून?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाजवळच्या आवाराचं नाव 'ज्ञानगंगोत्री', ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम, जागोजागी अभ्यासकेंद्रं, तिथे मार्गदर्शन करणाऱ्याला 'संमंत्रक' म्हणायची रीत. या शब्दांतच एक विचार आहे: शिकणं विद्यार्थ्याच्या हातात, बाकीच्यांनी साथ द्यायची. पण ही सगळी गोष्ट उगमाकडून सांगितलेली आहे.

पाणी घरोघरी येणं म्हणजे काय, हे गिरणगावाला वेगळं सांगायला नको. चाळीत पाणी ठरलेल्या वेळी यायचं आणि कुणीतरी पहाटे उठून ते भरायचं. कुणी भरलं, ते ब्रीदात नसतं. घोडपदेवच्या एका खोलीत पाच-सात माणसं असताना पुस्तक उघडायचं कधी? टीव्ही बंद झाल्यावर, पोटमाळ्यावर, की गॅलरीतल्या दिव्याखाली? नोकरी करणाऱ्या बाईची परीक्षा असली की स्वयंपाक कोण करायचं? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. घरातला पगार थांबल्यावर कितीतरी मुलांनी दप्तर ठेवून काम धरलं. त्यांतल्या ज्यांनी पुढे पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांवर पदवी मिळवली, त्यांच्यासाठी ती नेमकी काय होती? बढती, सूड, की नुसतं समाधान?

ब्रिटनमध्ये ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. तिथले इतिहासकार डॅनियल वाइनब्रेन यांनी लिहिलेल्या तिच्या इतिहासात सरकारी धोरणांबरोबर विद्यार्थ्यांच्या आठवणींनाही जागा आहे. ही त्या पुस्तकाची मोठी जमेची बाजू. तरी तो संस्थेतल्याच माणसाने लिहिलेला, संस्थेचा इतिहास. मला त्याहून जवळचा नमुना आपल्याच गल्लीत दिसतो. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांच्या 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' (२००४) या पुस्तकात गिरणगावचा इतिहास कामगार आणि त्यांच्या घरच्यांच्या तोंडून येतो. माणसं एकमेकांशी जुळत नाहीत, कधी उलट बोलतात, आणि पुस्तक ते तसंच राहू देतं. मुक्त विद्यापीठाच्या इतिहासाला हीच पद्धत हवी.

आज या विद्यार्थ्यांबद्दल आपण वाचतो ते दीक्षान्त समारंभाच्या बातमीत. साठीतल्या आजीची पदवी, रिक्षा चालवणाऱ्याचं एम.ए. बातमी खरी असते, आनंदाचीही. पण तिच्यात फक्त पोचलेली माणसं असतात. फी भरून पहिल्या परीक्षेआधीच सुटलेला माणूस निकालाच्या यादीत 'अनुपस्थित' या एका शब्दात संपतो. तो का सुटला, यातच विद्यापीठाची खरी परीक्षा आहे. पाळी बदलली, बाळंतपण आलं, की पुस्तिकेची भाषाच परकी वाटली? यश तेवढं सांगणारा इतिहास म्हणजे संस्थेची जाहिरात.

वेळही फार नाही. पहिल्या वर्षांत तिशीत असलेले विद्यार्थी आता पासष्टी ओलांडून गेले आहेत. घोडपदेवला न्यू हिंद मिलच्या जागेवर आता गिरणी कामगारांच्या घरांचे मनोरे आहेत. जुन्या चाळी पुनर्विकासात जातात तेव्हा सामान बांधताना भांडी आधी निघतात. ओळखपत्र, समास भरून लिहिलेल्या पुस्तिका, अभ्यासकेंद्राच्या पावत्या रद्दीत जातात.

हे जपायला विद्यापीठाने पुढाकार घ्यायलाच हवा. ध्वनिमुद्रित आठवणींचा खुला संग्रह नाशिकला असावा, आणि त्यात मधेच सुटलेल्यांना पदवीधरांइतकीच जागा असावी. पण तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय, त्यात रेकॉर्डर आहेच. घरात कुणी मामा, काकू, आई 'बाहेरून' शिकली असेल, तर टक्के नंतर विचारा. आधी विचारा, अभ्यासाला कुठे बसायचीस, आणि तेव्हा कोण ओरडायचं.