‘सुटलेला धागा’ : एका संज्ञेची चिकित्सा

हातमागावर धोट्याने विणताना आडवा धागा कधी कधी दोनचार उभ्या धाग्यांत न गुंफता वरून मोकळाच गेलेला दिसतो. व्यवहारात या दोषाला ‘धागा सुटणे’ असे म्हटले जाते. ही संज्ञा सोयीची असली, तरी ती कितपत ग्राह्य आहे हे तपासणे अगत्याचे आहे.

टाका सुटतो, गाठ सुटते. या प्रयोगांत आधी जुळलेले मागाहून विलग होते. मागावर तसे काहीच घडत नाही. जो धागा मुळात गुंफलाच गेला नाही, तो सुटणार कसा? शिवाय अकर्मक रूपामुळे कर्ता वाक्यातून नाहीसा होतो आणि दोष धाग्याच्या माथी येतो.

वस्तुतः दोषाचे मूळ धोटा फेकण्यापूर्वीच असते. साध्या विणीत पावडी दाबली की ताण्याचे निम्मे धागे उचलले जाऊन धोट्याला वाट मिळते. ताण सैल असल्यास, खळ नीट न बसल्याने धाग्यांची लव गुंतल्यास, किंवा पावडी अर्धवट दबल्यास काही धागे खालीच राहतात व धोटा त्यांच्यावरून जातो. म्हणून ताण सर्वत्र सारखा राखणे, वाट पूर्ण उघडल्याचे बाजूने पाहणे, धोटा फणीलगत सरळ सोडणे आणि फणी ठोकण्यापूर्वी पडलेला धागा नजरेखालून घालणे, हेच खरे उपाय होत. ‘सुटणे’ हा शब्द मात्र लक्ष कारणाकडून परिणामाकडे वळवतो.

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची मांडणी याहून काटेकोर आहे. तेथे तंतू हे पटाचे समवायी कारण, तंतुसंयोग हे असमवायी कारण, तर विणण्याची साधने ही निमित्तकारण मानली आहेत. सदोष जागी तंतू आहेत, साधनेही आहेत. पट मात्र नाही. पट म्हणजे तंतूच, हा वेदान्तातील परिचित दृष्टान्त येथे अपुरा पडतो. तथापि केवळ ‘संयोग’ म्हणूनही भागत नाही. वरून गेलेला धागा खालच्यांना स्पर्श करतोच. उणीव असते ती खाली-वर गुंफणीच्या क्रमाची. या अर्थाने ‘चुकलेली गुंफण’ हा शब्दप्रयोग अधिक युक्त ठरेल.

हा प्रश्न केवळ शब्दच्छलाचा नाही. कोलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील चौल हे एके काळी रेशमी वस्त्रांसाठी विख्यात होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच प्रवासी लिन्स्खोटन याने तेथील रेशीमविणकामाची नोंद केली. परंतु अशी वर्णने मालाची असतात, मागावरच्या बोलीची नव्हेत. हस्तव्यवसायांचे शब्द संकलित करणाऱ्या अभ्यासकाने नुसता शब्द टिपला आणि हाताची क्रिया पाहिली नाही, तर त्याच्या कोशातही शब्द राहील; गुंफण मात्र चुकलेली असेल.