जमालखानाची महदवी सत्ता (१५८९–१५९१) : फरिश्ता व तबातबा यांच्या वृत्तान्तांची चिकित्सा

प्रस्तावना
मुक्तिदात्यावरील श्रद्धा आणि शस्त्रबळ यांचा संयोग म्हटला की १५०१ साली इराणात सत्ता स्थापन करणारा शिया शाह इस्माईल व त्याचे किझिलबाश अनुयायी आठवतात. महाराष्ट्रात अशी घटना निजामशाहीच्या अहमदनगरात (आजचे अहिल्यानगर) घडली. मात्र ती शिया राजधर्माच्या विरोधात. इराण सोडून आलेल्या शाह ताहिरच्या प्रभावाने पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७ मध्ये शिया पंथ राजधर्म केला होता. १५८९ मध्ये जमालखानाने बालराजा इस्माईलच्या नावे सत्ता हाती घेऊन त्या जागी महदवी मत आणले.

श्रद्धेचे स्वरूप
बारा इमाम मानणाऱ्या शियांच्या मते महदी अदृश्य असून तो पुढे प्रकट होणार आहे. महदवींच्या मते तो सय्यद मुहम्मद जौनपुरी (१४४३–१५०५) यांच्या रूपाने येऊन गेला. एकासाठी महदी ही प्रतीक्षा आहे, दुसऱ्यासाठी पूर्ण झालेले वचन. हिजरी सनाचे सहस्रक ऑक्टोबर १५९१ मध्ये सुरू होणार होते. तरीही जमालखानाच्या उठावास केवळ ‘प्रलयाची घाई’ म्हणणे सयुक्तिक ठरत नाही. प्रलयचिंतनापेक्षा विरक्ती आणि दायऱ्यातील सामुदायिक जीवन यांवर या पंथाचा भर होता.

साधनांची चिकित्सा
या सत्तेची माहिती प्रामुख्याने दोन फारसी ग्रंथकारांकडून मिळते. फरिश्ता हा आफाकी, म्हणजे परदेशातून आलेल्यांच्या गटातील. १५८९ च्या आफाकींच्या कत्तलीनंतर तो विजापुरास गेला. तबातबाने ‘बुऱ्हाने मआसिर’ लिहिले ते जमालखानावर विजय मिळवणाऱ्या दुसऱ्या बुऱ्हाणच्या आश्रयाने. एक पीडित गटातला, दुसरा विजेत्याच्या पदरचा. महदवींचा स्वतःचा आवाज यांत उमटत नाही.

तथापि या वृत्तान्तांतच वेगळे वाचन शक्य आहे. कत्तल झाली ती महदवी मत राजमान्य होण्यापूर्वी, आणि तिच्यामागे दखनी-हबशी विरुद्ध आफाकी हा जुना संघर्ष होता. १५९१ मध्ये रोहिणखेडच्या लढाईत (सध्याचा बुलढाणा जिल्हा) हबशी सरदार जमालखानास सोडून गेले आणि तो गोळी लागून पडला. सैन्यास बांधणारे सूत्र केवळ पंथनिष्ठेचे असते, तर ते इतक्या सहज तुटले नसते.

याचा अर्थ श्रद्धा गौण होती असा नव्हे. खुत्ब्यातून बारा इमामांची नावे वगळणे ही सत्तेच्या अधिष्ठानातच केलेली दुरुस्ती होती. दूरदूरचे महदवी नगरकडे आले, ते या आश्वासनाने. विजयानंतर दुसऱ्या बुऱ्हाणने शिया राजधर्म पुन्हा प्रस्थापित केला व महदवींचा छळ आरंभला. म्हणजेच हिंसा एकाच पक्षाची मक्तेदारी नव्हती.

निष्कर्ष
महदवी समाज हैदराबाद, पालनपूर आदी ठिकाणी आजही शांततेने नांदतो. अध्यापनात ‘धर्मवेडाची दोन वर्षे’ असे शीर्षक देऊन हा कालखंड संपवणे म्हणजे पराभूतांविषयी विजेत्यांचा निवाडा तपासणीवाचून स्वीकारणे होय. गटसंघर्ष व श्रद्धा यांचा स्वतंत्र विचार करून मगच त्यांचा परस्परसंबंध दाखवणे, हे इतिहासाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.