नैराश्यावरील औषधांचे नॅनोवहन : एक चिकित्सा

मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जखडलेल्या असल्याने रक्तातील बहुसंख्य द्रव्ये मेंदूत शिरू शकत नाहीत. नैराश्यावरील औषधे नॅनोकणांत बंदिस्त करून मेंदूपर्यंत पोहोचविण्याविषयी गेल्या दोन दशकांत विपुल शोधलेखन झाले आहे. त्याचा प्रारंभ बहुधा या रक्त-मेंदू अडसरापासून होतो. औषध मेंदूत पुरेसे पोहोचत नाही, म्हणून गुण उशिरा व अपुरा येतो, हे त्यातील गृहीतक होय. ते तपासून घेणे आवश्यक आहे.

फ्लुओक्सेटिनसारखी प्रचलित औषधे मेदविद्राव्य आहेत. साधी गोळी घेतली तरी ती हा अडसर ओलांडतात. फ्लुओक्सेटिन तर रक्तद्रवापेक्षा मेंदूतच अधिक प्रमाणात साठते. सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण काही तासांत रोखले जाते, परंतु मनःस्थितीत जाणवण्याजोगा फरक पडण्यास २ ते ४ आठवडे लागतात. हा विलंब वाटेतला नसून मुक्कामावरचा आहे. चेतापेशींच्या परस्परसंबंधांत बदल घडण्यास तेवढा काळ लागतो, आणि वाहन वेगवान केल्याने तो घटेल असे मानण्यास आधार नाही.

पुराव्याचे स्वरूपही असेच डळमळीत आहे. नाकावाटे दिलेल्या नॅनोपायसांचे यश प्रामुख्याने उंदरांवर सिद्ध केले जाते. उंदराच्या नासिकापोकळीचे सुमारे निम्मे अस्तर गंधग्राही असते. मानवात हा वाटा एक दशांशाहूनही कमी. शिवाय मानवी नाकपुडीत एका वेळी ०.१ ते ०.१५ मिलिलिटर द्रवच टिकतो. त्यात फ्लुओक्सेटिनची २० मिलिग्रॅमची नित्याची मात्रा कशी सामावणार, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. पाण्यात सोडलेला उंदीर किती वेळ हातपाय मारतो, यावरून नैराश्य उतरल्याचा निष्कर्ष काढणे हे तर धाडसच. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला एस्केटामिनचा नासिकाफवारा वापरात आला. त्यात नॅनोकण नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तथापि ही दिशा सर्वस्वी निष्फळ म्हणता येणार नाही. तोंडावाटे घेतलेल्या ॲगोमेलॅटिनचा फार मोठा भाग यकृतातच नष्ट होतो. चेतापेशींच्या वाढीस साहाय्य करणारी प्रथिने तर अडसर ओलांडतच नाहीत. अशा द्रव्यांसाठी नॅनोवाहनाची गरज खरी आहे. अडचण अशी की, बरेचसे श्रम ज्यांना वाहनाची निकड नाही अशा औषधांवर खर्ची पडले.

या शोधलेखांची प्रस्तावना ग्रामीण भागातील नैराश्याच्या भाराचाही उल्लेख करते. तेव्हा तिची कसोटी बारामती तालुक्यातील सुपे येथे लावून पाहणे अप्रस्तुत ठरू नये. १२ मे १८७५ रोजी याच बाजारगावात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या आणि दख्खनच्या दंग्यांना आरंभ झाला. तालुक्याचा हा भाग आजही बागायती पट्ट्याबाहेरचा, जिरायती म्हणून ओळखला जातो. कर्ज आणि अवर्षण यांच्या ओझ्याखाली खचलेल्या माणसाला येथे ‘काळजी लागली’ असे म्हणतात. त्यावर औषध असते, हे घरच्यांच्या ध्यानीही येत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के उपचारांवाचून असल्याचे आढळले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, ही निराळी खंत. फ्लुओक्सेटिन स्वस्त आहे, अत्यावश्यक औषधांच्या सूचीतही आहे. मात्र बरे वाटू लागल्यावरही ते किमान सहा महिने चालू ठेवावे लागते, आणि त्यासाठी विचारपूस करणारे कोणीतरी गावात असावे लागते.

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने हेच केले. गावातील प्रशिक्षित कार्यकर्ते, समुपदेशक आणि गरजेपुरते मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधे तीच होती, जुन्याच गोळ्यांतली.