हृत्स्नायूतील संकेतवाहक विकरे : फळ्यावरील सरळ बाणांची चिकित्सा

हृत्स्नायूचे कार्य शिकविताना आपण सर्वजण फळ्यावर एकच साखळी काढतो. ॲड्रेनॅलिन बीटा-ग्राहीस जोडले जाते, ॲडेनिलिल सायक्लेज हे विकर सक्रिय होते, चक्रीय एएमपी वाढते, प्रथिन कायनेज-ए कार्यान्वित होते आणि हृदय अधिक जोमाने आकुंचन पावते. यातील बाणांची दिशा चुकीची नाही. मात्र 'संकेत वाढविला की दुर्बल हृदय सुधारेल' हा जो निष्कर्ष विद्यार्थी त्यातून काढतो, तो एकेकाळी रुग्णांच्या जिवावर बेतला होता.

मिल्रिनोन हे औषध चक्रीय एएमपीचे विघटन करणाऱ्या फॉस्फोडायएस्टरेज-३ या विकरास रोधते. साखळीच्या तर्काने ते गुणकारी ठरावयास हवे होते. तीव्र हृदयदौर्बल्याच्या १०८८ रुग्णांवरील 'प्रॉमिस' चाचणीत (१९९१) तोंडावाटे मिल्रिनोन घेणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपेक्षा २८ टक्क्यांनी अधिक आढळले. उलट, बीटा-ग्राही रोखणाऱ्या बिसोप्रोलॉलने 'सिबिस-२' चाचणीत (१९९९) मृत्यूचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटविले. दुर्बल हृदयास आणखी दुर्बल करील म्हणून जे औषध वर्ज्य मानले जाई, तेच तारक ठरले!

याचे कारण साखळीत नव्हे, तर कालावधीत शोधावे लागते. अल्पकाळचा संकेत हृदयास बळ देतो. तोच अहोरात्र चालू राहिला की हृत्स्नायूच्या पृष्ठावरील बीटा-ग्राही घटतात, कॅल्शियम-कॅल्मोड्युलिनवर अवलंबून असणारे कायनेज-२ दीर्घकाळ सक्रिय राहते, पेशीतील साठ्यातून कॅल्शियम अवेळी झिरपते आणि हृदयाची लय बिघडते. फॉस्फेट काढून घेणारी फॉस्फटेज विकरे तर आपल्या आकृतीत बहुधा नसतातच. वास्तविक फिशर आणि क्रेब्स यांना १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते प्रथिनांच्या 'प्रत्यावर्ती' फॉस्फरिलीकरणासाठी. आपण विशेषण गाळून नाम तेवढे शिकवितो, असे खेदाने म्हणावे लागते.

आकृतीचा आणखी एक बाण आता टिकत नाही. प्रथिन कायनेज-ए थेट कॅल्शियम वाहिनीवर फॉस्फेट बसविते, असे आपण शिकलो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार फॉस्फेट बसतो तो वाहिनीस आवरून धरणाऱ्या 'रॅड' या लहान प्रथिनावर; त्याची पकड सुटते आणि वाहिनी अधिक उघडते. पुढील सत्रात फळ्यावर आकृती काढताना हा बाण तरी पुसावयास हवा.