बंडखोर नायिकांचा सुकाळ

हल्ली व्हिक्टोरियन नायिका पडद्यावर आली की तिला मारामारी यावीच लागते. ‘एनोला होम्स’ (२०२०) घ्या. पोरगी जुजुत्सू जाणते, थोरल्या भावांना अक्कल शिकवते, लंडनभर हुंदडते. पोटापाण्याचं काय? आईनं पैसे दडवून ठेवलेलेच असतात. असल्या फुकटच्या बंडाचा मला वीट आलाय.

त्या काळी बाईची कमाई, दागिने, मूल, सगळं कायद्यानं नवऱ्याचं. स्वतःच्या कमाईवर तिला हक्क मिळाला १८७० साली, मालमत्तेवर १८८२ मध्ये. तेव्हा नायिकेची जीभ किती धारदार आहे हे मला सांगू नका. घर सोडल्यावर ती खाणार काय आणि मूल कोणाकडे राहणार, ते सांगा.

इथे भलेभले गळतात. जेन एअरला रॉचेस्टरकडे ताठ मानेनं परत धाडायला शार्लट ब्राँटेला काकाचे वीस हजार पौंड आणावे लागले. हार्डीची टेस फासावर जाते, ग्रँट ॲलनची हर्मिनिया आत्महत्या करते. पुरुष लेखकांना असली बाई मेलेलीच बरी वाटते. गिसिंगची ऱ्होडा नन तेवढी सन्माननीय अपवाद.

पुरून उरते ती ॲन ब्राँटेची हेलन. ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ १८४८ चं, त्यातली गोष्ट वीसेक वर्षं आधीची. नवरा दारुडा, बाहेरख्याली, कोवळ्या पोरालाही दारू आणि शिव्या शिकवणारा. चित्रं विकून पोट भरायचा हेलनचा बेत तो तिच्या डायरीत वाचतो, किल्ल्या हिसकावतो आणि रंग, कुंचले, पॅलेट शेकोटीत झोकतो. टर्पेंटाइनचा भडका धुराड्यात चढतो. तरी ती पुढे मुलाला घेऊन पळतेच. आईचं माहेरचं आडनाव लावते, विकायच्या चित्रावर ठिकाणाचं नावही खोटं घालते. पत्ता लागला तर पोर बापाच्या हवाली! ही सावधगिरी मला कुठल्याही जुजुत्सूपेक्षा थरारक वाटते. शार्लटला मात्र बहिणीचा विषयच चुकलेला वाटला. ॲन गेल्यावर पुस्तक पुन्हा निघावं असंही तिला वाटेना.

आजची तक्रार वेगळी: अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची सेवा करायला हेलन परत जाते, म्हणजे शेवटी पतिव्रताच! अहो, नीट वाचा की. बापाला मुलाचं तोंड दाखवण्याआधी ती कागद पुढे करते: मूल माझ्याच ताब्यात राहील, सही करा. साक्षीला मोलकरीण रेचल.

आपल्याकडेही १८८७ साली मुंबई हायकोर्टानं नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं फर्मावलं, ते विलायतेहून आणलेल्या कायद्याच्या जोरावर. खुद्द विलायतेत ती कैद १८८४ सालीच रद्द झाली होती! रखमाबाईंचा खटला पाठ असलेल्या आपल्या समीक्षकांना हेलनचा कागद दिसू नये? तिला खुशाल पतिव्रता ठरवा, पण आधी त्या सहीचं काय करायचं ते बोला.