भागीदार की नोंद करणारी बाई?

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळेंनी १९७०मध्ये काम सुरू केलं. पुढे गावातल्याच बायका आरोग्यसेविका झाल्या. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या केंद्रावर शिकायला यायच्या आणि गावात काय चाललंय ते डॉक्टरांना सांगायच्या. शिकणं दोन्हीकडून होतं.

२००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी ‘आशा’ नेमली. कल्पना जवळपास तीच. पण तिला म्हटलं स्वयंसेविका आणि मोबदला ठेवला कामागणिक. आमचा आक्षेप इथे आहे. आपण तिच्याकडे नोंदी मागतो, मत विचारत नाही. मग ही भागीदारी कसली?

ग्राम आरोग्य समितीत पहिला प्रश्न तिलाच विचारू या: गावाला काय हवंय? निधीचा खर्च त्यानंतर ठरवू.