‘सो दरु’ची तीन स्थाने

गुरू ग्रंथसाहिबाविषयीचे मराठी विवेचन बहुधा नामदेवांच्या ६१ पदांपाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. ही पदे निरनिराळ्या रागांच्या विभागांत, गुरूंच्या रचनांनंतर येतात; साहजिकच रागनिहाय मांडणी हाच या ग्रंथाचा रचनाबंध, असा समज दृढ होतो. तो अपुरा आहे. १४३० पृष्ठांच्या या संहितेची पहिली तेरा पृष्ठे (शीख परंपरेत ‘अंगे’) रागांनी नव्हे, प्रहरांनी बांधलेली आहेत : पहाटेचा जपुजी, सायंकाळचे ‘सो दरु’ आणि ‘सो पुरखु’, निद्रेपूर्वीचा सोहिला.

गुरू नानकांची ‘सो दरु’ ही रचना ग्रंथात तीनदा येते : जपुजीचे सत्ताविसावे कडवे म्हणून, सायंपाठाच्या आरंभी आणि पुन्हा आसा रागाच्या विभागात. केवळ छापील संहितेचा विचार करणाऱ्यास ही द्विरुक्ती वाटेल. पाठभेद मात्र वेगळे सांगतात. जपुजीत पहिल्या ओळीतला प्रश्न ‘ते द्वार’ कसे, असा आहे. सायंपाठात तेथेच ‘तेरा’ हा शब्द येतो आणि ‘तुला’ हे संबोधन, जे जपुजीत विरळ आहे, ओळीओळीतून घुमत राहते. जपुजीतला प्रश्न आधीच्या कडव्यात वर्णनाची असमर्थता मान्य झाल्यावर उपस्थित होतो; ३८ कडव्यांच्या चिंतनातला तो एक टप्पा होय. सायंकाळी ही पूर्वपीठिका नाही. जपुजीला राग नाही, येथे आसा राग आहे. चिंतनातला प्रश्न आता समोर असलेल्याला विचारला जातो. मराठीत ‘पाठ’ म्हणजे संहितेचे रूपही आणि पठणही. येथे दुसऱ्याने पहिले घडविले आहे.

नित्यनेमाची कक्षा मात्र ग्रंथाच्या कक्षेशी जुळत नाही. १९४५ च्या ‘सिख रहित मर्यादे’तील प्रातःपाठात जपुजीसोबत ‘जापु’ आणि दहा सवैये आहेत. ते दशम ग्रंथातले. १७०८ मध्ये नांदेड येथे ज्या ग्रंथास गुरुपद प्राप्त झाले, त्याच्या बाहेरच्या या रचना श्रद्धाळूच्या मुखी रोज असतात. उलट नामदेव ग्रंथात आहेत, तरी या विहित नित्यनेमात त्यांचे एकही पद नाही. ती ऐकू येतात कीर्तनात, रागांच्या अंगाने. नामदेवांच्या समावेशाचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी अभ्यासाने हा भेद अद्याप पुरेसा विचारात घेतलेला दिसत नाही. समाविष्ट असणे आणि नित्य पठणात असणे या दोन निराळ्या प्रतिष्ठा आहेत, आणि त्यांतली दुसरी पदसंख्येवरून मोजता येत नाही.